इतर कारणे : अठ्ठावीस

"या माणसाच्या पुटपुटण्यापायी माझी लापशी दुसऱ्यांदा करपली," पातळ फळ्यांच्या आडोशापलीकडून कापितोलिना सावेल्येव्हना म्हणाली. हळूच म्हणाली, म्हणजे फक्त आपल्या मजल्याला ऐकू जाईल इतपत. "पाचशे एकाहत्तर, पाचशे एकाहत्तर! माणूस आहे का घड्याळ?"

आडोशाच्या अलीकडे अवेनिर लुकिच स्टोव्हला पिन मारत होता. आकडा बाहेर पडला होता. तिजोरीतल्या कागदावरचा, शिक्का मारलेला आकडा अकरा कुटुंबांच्या सामाईक स्वयंपाकघरात वरीच्या लापशीच्या वासात मोकळा हिंडत होता.

"सरपण मोजतोय," तो म्हणाला.

"पाचशे एकाहत्तर ओंडके? तुमच्याकडे सहा आहेत. मी रोज मोजते."

आता, तोंडातल्या तोंडात आकडे घोळवायची या गृहस्थाला काही हौस नव्हती. जर्मनांशी चाललेल्या लढाईचा तो दुसरा हिवाळा. मॉस्कोजवळची त्याची संस्था टेबलं, तिजोऱ्या आणि माणसं यांच्यासकट उचलून उरलच्या पलीकडे या गावात आणून टाकली होती. कारखान्यातून नवं लढाऊ विमान आलं की ते उडवून पाहायचं, किती वेगानं जातं ते मोजायचं, हे संस्थेचं काम. उडवणारे वेगळे. अवेनिर लुकिचला साध्या शिडीवर चढलं तरी घेरी यायची. पण वैमानिकांनी आणलेल्या नोंदींवर तो स्लाइड रूल घेऊन बसायचा, हवेचा दाब, थंडी, यंत्रांची खोड असं सगळं वजा करायचा आणि खरा आकडा काढून द्यायचा. कागदावर त्यानं आजवर चाळीस विमानं आकाशात नेली होती आणि एकही पाडलं नव्हतं. एवढा एकच अभिमान त्याच्यापाशी होता, आणि तोही त्यानं कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

सोमवारी त्याचे साहेब, कर्नल ब्रागिन, यांनी त्याला बोलावून घेतलं.

"बसा, अवेनिर लुकिच. एक छोटंसं काम आहे."

त्या संस्थेत 'छोटंसं काम' हे शब्द ऐकून आजवर कुणी धडपणे जेवलेलं नव्हतं.

"विमान एक, वेग तीन," ब्रागिन म्हणाले. "कारखाना म्हणतो, ताशी पाचशे ब्याण्णव किलोमीटर. आपल्या चाचणीत आले पाचशे एकाहत्तर. आणि आघाडीवरची तुकडी कळवते की पाचशे त्रेचाळीसच्या वर ते जातच नाही. शुक्रवारी मॉस्कोहून तपासणी कमिशन येतंय. तोवर मला एक आकडा द्या, बाकीच्या दोघांचा उलगडा द्या, आणि खाली एक सही."

"कुणाची सही?"

ब्रागिननी खिडकीबाहेर पाहिलं. "बर्फ थांबेलसं दिसतंय," ते म्हणाले.

अवेनिर लुकिच आपल्या टेबलाशी येऊन बसला. समोरचं टेबल गेदेओनोवचं. गेल्या शरदात असाच एक आकडा होता आणि गेदेओनोवनं सही केली होती. तेव्हापासून तो दौऱ्यावर होता. दौरा कुठला, कधी संपणार, हे कुणी विचारत नसे. त्याचा इनॅमलचा मग टेबलावर तसाच होता, कानाशी पोचा पडलेला. झाडणारी बाई मगाच्या भोवतीनं फडकं फिरवायची. कुणी त्यातून चहा प्यायचं नाही, आणि तो उचलून ठेवायचंही नाही.

त्या मगाकडे बघत अवेनिर लुकिचनं हिशेब मांडला. आकडा मोठा धरला, तर आघाडीवरची पोरं त्याच्यावर विसंबून शत्रूच्या पुढं पळू बघणार आणि पडणार. मग विचारलं जाणार, हा आकडा कुणी दिला? आकडा लहान धरला, तर उपाशी पोटी बारा-बारा तास उभं राहून विमानं बनवणाऱ्या कारखान्याची बदनामी. मग विचारलं जाणार, हे कुणी लिहिलं? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर त्याचीच सही.

घरी त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. सांगायची बंदीच होती. तायसियानं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि दारामागची पिशवी खुंटीवरून काढली. त्या गावात निम्म्या घरांत अशी पिशवी असे, अपरात्री दार ठोठावून कुणी न्यायला आलं तर उचलायला तयार. तिला सगळे हमामखान्याची पिशवी म्हणत, आणि ती हमामखान्यात कुणीच नेत नसे. साबणाची वडी, मोज्यांचे दोन जोड, वाळवलेल्या पावाचे तुकडे. तायसियानं त्यात एक मफलर घातला.

"आणखी मफलर कशाला?" अवेनिर लुकिचनं विचारलं.

"थंडी आहे," ती म्हणाली. "तू जेव, वेन्या."

तर, पुटपुटण्याचं कारण असं. कारखान्याचा अहवाल एका खात्याचा, म्हणून तो वरच्या मजल्यावरच्या तिजोरीत. संस्थेचा अहवाल दुसऱ्या खात्याचा, म्हणून तो तळमजल्यावर. दोन खात्यांचे गुप्त कागद एका खोलीत आणायला दोन मंत्र्यांची परवानगी लागे. टिपणं काढायची तर त्या-त्या खोलीतल्या, दोरा ओवून लाख लावलेल्या वहीत. आणि वही खोलीबाहेर न्यायची नाही. राहिलं काय? डोकं. त्याला अजून लाख लावलेली नव्हती. वरच्या मजल्यावर वाचायचं, घोकत-घोकत जिना उतरायचा, आणि खाली ताडून पाहायचं. पहिल्याच फेरीत ब्रागिन जिन्यात भेटले. "काय, तायसियाबाईंची तब्येत कशी आहे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि चार हजार मीटर उंचीवरचे सगळे आकडे तिसऱ्या पायरीवर सांडले.

तो धापा टाकत परत वर गेला. तिजोरीवालीनं चष्म्यावरून पाहिलं.

"दिवसातून एकदाच, कॉम्रेड. आज तुम्ही वाचलंत."

"पण मी विसरलो ना!"

"मग उत्तमच झालं. नियम त्यासाठीच केलाय."

म्हणून मंगळवारी सकाळी स्टोव्हपाशी ही घोकंपट्टी. कापितोलिना सावेल्येव्हना आता पातेलं घेऊन आडोशाला वळसा घालूनच आली.

"मी काही विचारत नाही," ती म्हणाली. "ज्याचं त्याचं काम. पण एक सांगते, मधला घ्या."

"कशाचा मधला?"

"मला काय ठाऊक कशाचा? कुणी काहीही विचारलं की मधला घ्यावा. माझा पहिला नवरा जन्मभर रांगेत मधे उभा राहिला. अजून ठणठणीत आहे, दुसऱ्या एकीकडे. दुसऱ्या नवऱ्याला सारखं पुढं जायची हौस."

"त्याचं काय झालं?"

"तुमचा स्टोव्ह भडकलाय," कापितोलिना सावेल्येव्हना म्हणाली आणि पातेलं घेऊन निघून गेली.

बुधवारी अवेनिर लुकिच विमानतळावर गेला. एवढा धीर त्याला का झाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. बहुधा जिना चढून पाय दुखत होते म्हणून. कारखान्यानं ज्यावर पाचशे ब्याण्णव मोजले होते ते विमान तिथंच उभं होतं (संस्थेनं बाकीच्यांतलं एक साधं विमान उडवलं होतं), आणि त्याच्या पुढं कारखान्याचा प्रतिनिधी शुस्तोव. त्या उपासाच्या दिवसांतही शुस्तोवचे गाल कसे शाबूत राहिले होते, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय होता.

"बघा, बघा! आरसा आहे आरसा!"

अवेनिर लुकिचनं पंखावरून बोट फिरवलं. बोटाला तुळतुळीत काहीतरी लागलं.

"मेण?"

"प्रेम," शुस्तोव म्हणाला.

"आणि या फटी? यांच्यावर कापडाच्या पट्ट्या चिकटवल्यात. कारखान्यातून निघणाऱ्या बाकीच्या विमानांवर—"

"अवेनिर लुकिच," शुस्तोव जवळ आला. "तिथं बायका आणि म्हातारे काम करतात. हात थंडीनं फुटलेत त्यांचे. त्यांच्या फटींवर तुम्ही बोट ठेवणार? तुम्ही?"

अवेनिर लुकिचनं बोट खिशात घातलं. पण खिशातल्या खिशात ते हिशेब करत राहिलं. मेणाचे नऊ. पट्ट्यांचे पाच. शिवाय कारखान्यानं तापमापक लावला होता तो नेमका इंजिनाच्या गरम झोताशी, त्याचे सात. बेरीज एकवीस! पाचशे ब्याण्णवातून एकवीस गेले, उरले पाचशे एकाहत्तर. लढाई सुरू झाल्यापासून इतका शुद्ध आनंद त्याला झाला नव्हता. बर्फात त्यानं दोन पावलं नाचल्यासारखीही टाकली म्हणतात. पण ते येगोरिच सांगतो, आणि येगोरिचला भर घालून सांगायची सवय आहे.

येगोरिच म्हणजे तिथला म्हातारा मेकॅनिक, शरदात आघाडीवरच्या तुकडीत काम करून आलेला. मैदानाच्या टोकाला तो आघाडीवरून आलेलं एक विमान दुरुस्त करत होता. ते घेऊन आलेला कॅप्टन ल्यापिन शेजारी उभा होता, नाकाला हंसाची चरबी फासून. नाकाची साल गेली होती, गालांवर गोठून काळे पडलेले डाग होते. विमानाचं काचेचं झाकण मागं सरकवलेलं होतं, आणि त्याच्यावर येगोरिचनं मोज्यांऐवजी पायांना गुंडाळायची आपली फडकी वाळत घातली होती. ती लाकडासारखी ताठ झाली होती.

आता उरले होते ते फक्त अठ्ठावीस.

"कॅप्टन," अवेनिर लुकिच म्हणाला, "विमान तेच, इंजिन तेच. आमच्याकडे पाचशे एकाहत्तर, तुमच्याकडे पाचशे त्रेचाळीस. मधले अठ्ठावीस किलोमीटर जातात कुठं?"

"हवेत," कॅप्टन म्हणाला.

"हवा तर इथंही आहे."

"आघाडीवरची जाड असते."

"येगोरिच, तुम्ही सांगा."

"मला कशाला विचारता, बापा? मी चाकं बघतो. चाकं झकास आहेत."

अवेनिर लुकिच बघत राहिला. झाकण ज्या रुळांवरून सरकतं त्या रुळांत बर्फ बसला होता. कालचा नव्हे, महिनाभराचा, थरावर थर. इथल्या चाचणीत झाकण बंद करून उडायचं, हा नियमच होता. आणि बंद काचेच्या आत बसणाऱ्या माणसाचं नाक गोठतं कसं? प्रश्न त्याच्या जिभेच्या टोकावर आला. काच बंद असेल तर हवा अंगावरून घसरून जाते. उघडी असेल तर आत शिरून विमानाला मागं ओढते. ताशी अठ्ठावीस? सहज.

"कॅप्टन, हे झाकण—"

"कुठलं झाकण?" कॅप्टननं विचारलं. त्याचं कोपर झाकणावरच टेकलेलं होतं.

"तुकडीतल्या झीमिननं शरदात बंद केलं होतं," येगोरिच एकदम, चाकाकडे बघत म्हणाला. "चांगला पोरगा होता. वर धूर दिसला, मग आम्ही खालून—"

कॅप्टन खोकला. येगोरिच चाकाची हवा तपासू लागला. ताठ फडकी वाऱ्यानं काचेवर टकटक वाजत राहिली.

"चरबी लावा थोडी," कॅप्टन डबी पुढं करून म्हणाला. "कान लाल झालेत तुमचे."

अवेनिर लुकिचनं कानांना चरबी लावली आणि घरी आला. प्रश्न त्यानं गिळला होता. तो रात्रभर पोटात टोचत राहिला. कान मात्र उघडपणे ठणकू लागले. त्या दिवशी तायसियानं पिशवीत आतले गरम कपडे घातले.

गुरुवारी सकाळी कानांवरून स्वयंपाकघरात रण माजलं. तायसिया म्हणाली, कापराचं तेल. कापितोलिना सावेल्येव्हना म्हणाली, भाजलेला कांदा. पहिल्या नवऱ्याला कांद्यानंच गुण आला होता. शेवटी मधला मार्ग निघाला: डाव्या कानात कापसाचा तेलबोळा, उजव्यात कांदा, आणि वर लोकरीच्या टोपीच्या दोन्ही कानपट्ट्या हनुवटीखाली घट्ट बांधून गाठ. "संध्याकाळपर्यंत सोडू नकोस," तायसियानं खुणेनं बजावलं.

तो बाहेर पडला, तर सगळं गाव कसं शांत-शांत. बर्फावरून घोडे आवाज न करता चालले होते. संस्थेतही माणसं नुसते ओठ हलवत होती. कमिशनची धास्ती, त्याला वाटलं. माणसं किती दबून बोलताहेत!

ब्रागिनसुद्धा त्याच्या टेबलाशी येऊन अगदी कानाशी वाकून बोलले. अवेनिर लुकिचनं लिहिलेली पाच पानं त्यांच्या हातात होती. साडेचार पानं तापमापकावर होती, आणि शेवटी तक्ता: मेण, नऊ. पट्ट्या, पाच. तापमापक, सात. इतर कारणे, अठ्ठावीस.

"झकास!" ब्रागिन म्हणाले. "विशेषतः 'इतर कारणे'. त्यात कमिशनला काय ते समजेल."

"काय समजेल?"

"हेच, की आघाडीवरच्या पोरांना विमान हाकता येत नाही. किंवा हाकायचं नाहीये. तुकडीच्या प्रमुखाला बोलावून घेतील, त्या ल्यापिनला विचारतील. आपल्यावरचं गेलं. करा सही."

त्यांनी टाक पुढं केला. अवेनिर लुकिचनं तो घेतला. शाई टोकाशी जमून टपकायच्या बेतात आली. त्याला ल्यापिनचं सोललेलं नाक दिसलं; मग, समोरच्या टेबलावर, कानाशी पोचा पडलेला मग. गेल्या शरदात गेदेओनोवनं काय लिहिलं होतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आपणही मगाच्या भोवतीनंच फडकं फिरवत आलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं टाक खाली ठेवला.

"दहा मिनिटं द्या, साहेब. एकदा विमान बघून येतो. शास्त्राला धरून."

शास्त्र वगैरे काही नव्हतं. त्याच्या मनात एवढंच होतं की आत बसावं, झाकण बंद करावं, उघडावं. ते अलगद उघडलं तर आपला संशय खोटा, येगोरिच भर घालून सांगणारा, आणि सही करायला हात मोकळा. भित्रा माणूस धाडस करतो ते असं, आपलं भय खोटं ठरावं म्हणून.

ल्यापिनच्या विमानाच्या रुळांतला बर्फ येगोरिचनं सकाळीच खरवडून काढला होता, तेलही घातलं होतं. अवेनिर लुकिच पंखावर चढला, दोनदा घसरला, एकदा पोटावर सरपटला; फेल्टच्या बुटांसकट आत उतरताना त्याची एक मांडी सुकाणूच्या दांडक्याशी अडकून बसली आणि दुसरी बाहेरच राहिली, ती त्यानं हातांनी उचलून आत घेतली. सन्मान्य माणसानं ज्या रीतीनं विमानात बसू नये त्या सगळ्या रीती आटोपून तो स्थिरावला. खाली येगोरिच दोन्ही हात डोक्यावर नाचवत पळत येत होता. कौतुक वाटलं असेल बिचाऱ्याला. अवेनिर लुकिचनंही हात हलवला आणि झाकण पुढं ओढलं.

ते लोण्यात सुरी जावी तसं सरकलं आणि खटकन बसलं.

उघडलं मात्र नाही.

त्यानं कडी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. पाय दांडक्याला लावून ओढली. काच आतून त्याच्याच श्वासानं धूसर झाली आणि श्वास तिच्यावर गोठू लागला. आतून तेलाचा आणि जुन्या धुराचा वास येत होता. येगोरिच पंखावर चढून स्क्रूड्रायव्हर खुपसत होता. त्याचं तोंड उघडत-मिटत होतं, पण शब्द म्हणून येत नव्हता. केवढी जाड काच ही, अवेनिर लुकिचला वाटलं. इथं माणूस ओरडून मेला तरी बाहेर कळायचं नाही. आपण जमिनीवर आहोत, इंजिन बंद आहे, आग नाही, शत्रू नाही, असं तो स्वतःला समजावत होता, आणि तरीही कडी ओढतच होता. मग झीमिनला, वर, त्या वेळी—

त्यानं बाहीनं काच पुसली. आणि मैदानावरून येणारी माणसं त्याला दिसली.

कमिशन एक दिवस आधी आलं होतं. पुढं उंच, सडपातळ जनरल. त्याच्या एका अंगाला ब्रागिन, चेहरा चुन्यासारखा. दुसऱ्या अंगाला शुस्तोव, हातवारे करत, हसत. मागं ल्यापिन, आणि वह्या घेतलेले तिघं, ज्यांच्याकडे बघायचं नसतं असे. सगळे विमानाभोवती येऊन उभे राहिले. जनरलनं वर बोट करून काहीतरी विचारलं. बहुधा, आत कोण आहे? ब्रागिनचे ओठ हलले. शुस्तोवचे पुष्कळच हलले. थंडी आहे, कडक बसलंय, घट्ट बसणं हा तर गुण आहे, असंच काही असणार. जनरलनं पुन्हा विचारलं. येगोरिच चाकाकडे बघू लागला. ल्यापिन आकाशाकडे. त्या अख्ख्या मैदानावर एकही माणूस झाकणाकडे बघत नव्हता.

आणि अवेनिर लुकिचच्या लक्षात आलं, की जन्मात प्रथमच तो अशा जागी बसला आहे जिथं त्याचं बोलणं कुणालाही ऐकू जाणार नाही. वरच्या मजल्यावर नाही, खालच्या नाही, कापितोलिना सावेल्येव्हनालासुद्धा नाही. छातीवरचा ओंडका उतरावा तसं झालं त्याला.

कानातला बोळा आणि कांदा तो पार विसरला होता. काच तर बोटभरही जाड नव्हती. आणि कान बंद असलेला माणूस बोलतो तेव्हा किती मोठ्यानं बोलतो, हे ज्याच्या घरी बहिरा सासरा आहे त्यालाच ठाऊक.

"ओढा, येगोरिच, ओढा!" तो म्हणाला. "उभ्या विमानाचं, इंजिन बंद असताना, तेल घातलेलं, आणि तरी उघडत नाही हे. मग वर, पाचशेच्या वेगात, आग लागल्यावर कोण उघडणार? झीमिनला उघडलं नाही. तो आत जळाला. म्हणून ही पोरं झाकण बंदच करत नाहीत, कॉम्रेड जनरल. नाकं गोठवून घेतात, गाल गोठवून घेतात, पण बंद करत नाहीत. ते अठ्ठावीस किलोमीटर तिथं जातात. पोरांत खोट नाही. खोट या झाकणात आहे, आणि ती इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गेदेओनोवलाही ठाऊक असणार. त्यानं तेच लिहिलं असणार. मी साडेचार पानं तापमापकावर लिहिली."

येगोरिचचा स्क्रूड्रायव्हर थांबला. शुस्तोवचे हात हवेतच राहिले. जनरल वर बघत होता, सरळ झाकणाकडे. मैदानावर कुणी हललं नाही, कुणी खोकलंही नाही.

ऐकू गेलं नाही वाटतं, अवेनिर लुकिचच्या मनात आलं. आणि आता सांगायला लागलोच आहोत तर नीट सांगावं म्हणून त्यानं काच पुन्हा एकदा बाहीनं पुसली आणि पहिल्यापासून सगळं, आणखी थोडं मोठ्यानं, परत सांगितलं.